विटेचा ब्लाऊजपीस

लतिकाबाई कर्णिकांच्या डोळ्यांविषयी गल्लीत कुणी वाकडा शब्द काढणार नाही. डोळे काही हरिणीबिरिणीचे नव्हेत. चष्मा आहे, तोही जाड. पण रंग ओळखण्यात त्या डोळ्यांचा हात धरणारं शिवाजी पार्कच्या मागच्या आख्ख्या वस्तीत कुणी नाही. डोळ्यांना हात नसतो हे मलाही ठाऊक आहे, तुम्ही पुढे ऐका.

जन्मभर बाईंनी विमा कंपनीत कारकुनी केली. ऑफिस सुटलं की घरी जाण्याआधी त्यांचे पाय दादरच्या मॅचिंग सेंटरकडे वळायचे. स्वतःसाठी क्वचितच. पिशवीत कायम दुसऱ्या कुणाची तरी साडी असायची. कुणाच्या नणंदेचं डोहाळजेवण, कुणाच्या भाच्याची मुंज, कुणाचं नुसतंच भिशीचं जेवण. साडी आहे, ब्लाऊज नाही, दे लतिकाकडे. आणि लतिकाबाई असा पीस आणून द्यायच्या की साडीवर ठेवला तर उचलताना चाचपडावं लागे. "डाळिंबी म्हणून घेतलीस ना गं ही? अगं, आमसुली आहे. दुकानदारानं तुला गंडवलं," असं त्या तोंडावर सांगायच्या आणि समोरची बाई निमूट मान डोलवायची. रंगाच्या बाबतीत लतिकाबाई म्हणतील ते हायकोर्ट.

आणि आता गंमत बघा. ह्या बाईच्या स्वतःच्या घरातली उशीची खोळसुद्धा तिनं निवडलेली नव्हती.

कर्णिकांचं घर म्हणजे दोन टॉवरांच्या मध्ये अंग चोरून उभं असलेलं जुनं, विटांचं, एक मजली घर. त्यात सत्ता तात्यांची. तात्या म्हणजे लतिकाबाईंचे सासरे. बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला जमाना लोटला, पण खातं त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नाही. तात्यांना जगात एकच रंग मान्य होता, बिस्किटी. बिस्किटी मळत नाही, बिस्किटी उडत नाही आणि बिस्किटी कुणाच्या डोळ्यावर येत नाही. त्यामुळे घर बाहेरून बिस्किटी, आतून बिस्किटी, पडदे बिस्किटी, सोफ्याची कव्हरं बिस्किटी. एकदा तर माधवराव, म्हणजे लतिकाबाईंचे यजमान, आंघोळ करून बिस्किटी लेंगा-सदऱ्यात भिंतीला टेकून उभे होते आणि लतिकाबाई त्यांना घरभर हाका मारत होत्या. लग्नातला शालूही सासरकडून आलेला, त्याचा रंग तुम्हाला सांगायला नकोच.

लतिकाबाई काही बोलल्या नाहीत. तात्यांपुढे कोण बोलणार? माधवराव तर "मी काय म्हणतो" एवढंच म्हणायचे आणि पुढे काहीच म्हणायचे नाहीत. गल्लीभरच्या बायकांना रंग वाटणारी ही बाई घरी येऊन बिस्किटी चादरीवर झोपायची. बरं वाटत नव्हतं तिला, अजिबात नव्हतं. पण कुणी विचारलंच नाही, तर सांगणार कुणाला?

मग मागच्या मोरीचा पाइप फुटला.

पाइपासाठी भिंत फोडावी लागली आणि आतून एक आख्खी वीट निघाली. बाहेरचं अंग बिस्किटी रंगाच्या पापुद्र्यांनी माखलेलं, पण आतली बाजू कोरी करकरीत. लतिकाबाईंनी ती ओढणीनं पुसली आणि उजेडात धरली. लाल नाही, तपकिरी नाही, शेंदरी तर मुळीच नाही. कात जास्त झालेल्या विड्याकडे झुकलेला, पण विड्याइतका आगाऊ नाही, असा काहीतरी शांत, मातीचा, मुरलेला रंग. इतकी वर्षं आपण ज्या घरात राहिलो त्याचा खरा रंग हा होता? बाईंना एकदम भरून आलं. विटेकडे बघून गहिवरणारी बायको माधवराव पहिल्यांदाच बघत होते.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले.

"काही म्हणू नका," लतिकाबाई म्हणाल्या आणि वीट धुऊन स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी ठेवून आल्या.

योगायोग असा, की बाहेरचा रंग काढून नवा द्यायचं त्याच महिन्यात ठरलं होतं. तात्यांनी रंगारी शिवाला निरोपही धाडला होता. शिवा लालबागचा. त्याचे वडीलही ह्या घराला बिस्किटीच देऊन गेले होते. विषय चहाच्या वेळी निघाला तेव्हा लेक स्पृहा मधेच बोलली. ही मुलगी जाहिरात कंपनीत असते आणि आजोबांना घाबरत नाही.

"आजोबा, यंदा आईला निवडू दे ना रंग. जगाला निवडून देते. आणि हल्ली सगळीकडे अर्दी टोन्स चालतात. टेराकोटा, क्ले वगैरे."

"म्हणजे काय?" तात्यांनी विचारलं.

"माती," लतिकाबाई हळूच म्हणाल्या. "मातीचे रंग, तात्या. विटेचा. आपलं घर मुळात ज्या रंगाचं आहे तो."

तात्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली. त्यांना त्या दिवशी कशी काय दया आली देव जाणे. "ठीक आहे," ते म्हणाले. "लतिका, यंदा तू निवड. मी मधे तोंड घालणार नाही. पण एकच संधी. चुकलीस तर परत बिस्किटी, आणि मग मी असेपर्यंत ह्या घरात रंगाचं नाव काढायचं नाही. आणि मी शंभरी गाठायचं म्हणतोय, ते लक्षात ठेव."

लतिकाबाईंना त्या रात्री झोप आली नाही. आनंदानं नाही आली आणि धास्तीनंही नाही आली.

दुसऱ्या दिवशी पिशवीत वीट घालून त्या रंगाच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं शेडकार्ड पसरलं. त्यात मातीचेच एवढे रंग की मातीलाही लाज वाटावी. कुठली तरी वाळवंटं, कुठल्या तरी दऱ्या, दालचिनीचं काहीतरी. लतिकाबाईंनी एकेक पट्टी विटेला लावली आणि एकेक बाजूला सारली. "ह्यात पिवळा जास्त. ह्यात काळपट. हा तर सरळ सरळ कोको." शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे मशीन आहे. वस्तू दाखवली की सेम रंग बनवून देतं." त्यानं ते इवलंसं मशीन विटेवर टेकवलं. एकदा तपकिरी म्हणालं, दुसऱ्यांदा राखाडी म्हणालं आणि तिसऱ्यांदा चक्क जांभळं.

"खडबडीत आहे ना, मशीन गोंधळतंय," दुकानदार म्हणाला. "सपाट काहीतरी आणा. कागद, कपडा, काय पण चालेल."

"कपडा चालेल?" लतिकाबाईंनी विचारलं.

"पळेल."

झालं! बाई ज्या वेगानं तिथून निघाल्या त्या वेगानं त्या ऑफिसलाही कधी गेल्या नव्हत्या.

मॅचिंग सेंटरचा हितेंद्र लतिकाबाईंना पुरता ओळखून होता. त्यांच्यासाठी तो स्टूल पुसून ठेवायचा, आणि तो मान दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला नव्हता. बाईंनी काउंटरच्या काचेवर वर्तमानपत्र अंथरलं आणि पिशवीतून वीट काढून धप्पकन ठेवली.

"हिच्यावर मॅचिंग पाहिजे."

हितेंद्रनं विटेकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं. पण धंदा तो धंदा. "टू बाय टू दाखवू की पॉपलीन?" त्यानं विचारलं.

"टू बाय टू. सपाट हवं."

तागे उलगडायला लागले. दुकानात गर्दी होतीच. शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी मान लांब करून बघितलं आणि म्हणाल्या, "काठ नाहीत का हो हिला?"

"प्लेन आहे," लतिकाबाई म्हणाल्या.

"मग कॉन्ट्रास्ट घ्या ना. बॉटल ग्रीन खुलेल."

"अंजिरी बघा, अंजिरी," दुसरी म्हणाली. "हिचा वर्ण सावळा आहे, अंजिरी शोभेल."

हां हां म्हणता चार-पाच बायका विटेभोवती जमा झाल्या. हितेंद्रनं चार पीस वेगळे काढले आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "ताई, उजेडात बघून घ्या. ट्यूबलाइटवर भरोसा नको." हा तर लतिकाबाईंचाच कायदा होता, ट्यूबलाइटखाली निवडलेला रंग आणि फोनवर ठरवलेलं स्थळ, दोन्हींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या वीट घेऊन फुटपाथवर आल्या. मागून पीस घेऊन हितेंद्र, त्याच्यामागे बायकांचा घोळका. उजेड नीट पडावा म्हणून बाईंनी वीट डोक्याच्या वर धरली, आणि मागून एक काकू ओरडल्या, "अहो, अजून वर घ्या, सावली पडतेय!"

आता हे दृश्य लांबून कसं दिसत असेल ते तुम्हीच बघा. दादरचा भर रस्ता, हातात वीट उगारलेली बाई, मागे आरडाओरडा करणाऱ्या बायका. समोरच्या भांडीवाल्यानं आवाज न करता शटर अर्धं खाली ओढलं. त्याचं बघून शेजारच्या चप्पलवाल्यानं पूर्ण ओढलं. एका टॅक्सीवाल्यानं काच वर केली. आणि त्या सगळ्या गोंधळात लतिकाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "हितेंद्र, हा. डावीकडून दुसरा."

काय रंग होता म्हणून सांगू! पीस विटेवर टाकला तर वीट संपते कुठे आणि कापड सुरू होतं कुठे ते कळेना. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भांडीवाल्यानं टाळ्या ऐकून शटर वर घेतलं.

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथून पुढे आहे.

घरी नवा ब्लाऊजपीस आला की लतिकाबाई काय करतात? तुमच्या घरी काय करतात तेच. शिवायला टाकण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजत घालतात. आटायचा तो आटून घेऊ दे, रंग सुटायचा तो सुटून जाऊ दे, मग शिंपीणबाईकडे. आयुष्यभराची सवय. हात आपले आपण चालतात, डोक्याला विचारायला जात नाहीत. लतिकाबाई घरात आल्या, पर्स ठेवली, पाय धुतले, बादलीत पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि पीस बुडवला. हा पीस कुणाच्या अंगावर चढायचा नाही, हा आटला काय नि फुगला काय, आपल्याला ह्याचा फक्त रंग हवाय, असं त्यांच्या मनात क्षणभरही आलं नाही. उलट, काम मार्गी लागलं म्हणून बरंच वाटलं.

तेवढ्यात बोरिवलीहून बहिणीचा फोन. तिच्या मुलाचं लग्न तोंडावर आलेलं आणि तिची कंबर धरलेली. "आहेस तशी ये." लतिकाबाईंनी स्पृहाला ऑफिसातूनच परस्पर बोलावलं, बॅग भरली आणि निघाल्या. बादली मोरीत तशीच.

दुसऱ्या दिवशी माधवरावांचा फोन आला. "मी काय म्हणतो, ह्या बादलीतल्या कापडाचा रंग जातोय. पाणी लालभडक झालंय."

लतिकाबाई तेव्हा एका हातानं लग्नाचे लाडू मोजत होत्या आणि दुसऱ्या हातानं फोन धरून होत्या. "मग पाणी बदला. मीठ घाला. जाईनासा होईपर्यंत धुवा. आणि वाळला की रंगाच्या दुकानात नेऊन द्या, सांगा मशीनला दाखवायचाय."

माधवराव आज्ञाधारक माणूस. त्यांनी पाणी बदललं. परत लाल. परत बदललं. परत मीठ टाकलं. असा आज्ञाधारकपणा तुम्ही पाहिला नसेल. बिचाऱ्यानं त्या पीसमधला जीव निघेपर्यंत तो खळबळला, मग कडक उन्हात गच्चीवर वाळवला, घडी घातली आणि दुकानात नेऊन दिला. मशीननं ह्या वेळी काही गोंधळ घातला नाही. जो रंग दिसला तोच दिला.

शिवानं भिंत खरवडली, धुतली आणि रीतीप्रमाणे एका कोपऱ्यात नमुना मारून दाखवला. माधवरावांनी त्याचा फोटो काढला संध्याकाळी, ऊन तांबूस झाल्यावर. फोटो पोचला तेव्हा लतिकाबाईंच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी आणि चष्मा पर्समध्ये. स्पृहा कुठे तरी नाचाच्या तालमीत. एका भाचीनं फोन त्यांच्या नाकासमोर धरला. लतिकाबाईंनी डोळे बारीक केले. "हो, हो, तोच. होऊ दे म्हणावं," त्या म्हणाल्या. उजेडात बघितल्याशिवाय ज्या बाईनं कधी कुणाची साधी फॉलची पट्टी घेतली नाही, तिनं आख्खं घर फोनवर पास केलं!

लग्नाला तात्या आणि माधवराव आले होते. माधवराव मनातल्या मनात म्हणत होते, वाळल्यावर गडद होईल. तात्यांनी मात्र सगळं बघून ठेवलं होतं. त्यांनी सुनेची चौकशी केली, दोनदा श्रीखंड मागून घेतलं आणि रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. लतिकाबाईंना तिथेच शंका यायला हवी होती.

लग्न उरकलं, सगळं आवरलं आणि मायलेकी टॅक्सीनं घरी निघाल्या. गल्लीत शिरल्यावर टॅक्सीवाल्यानं विचारलं, "इथेच का?"

"नाही हो, अजून पुढे घ्या," लतिकाबाई म्हणाल्या.

पुढे गल्ली संपली. टॅक्सीवाल्यानं मागे वळून बघितलं. लतिकाबाईंनीही मागे वळून बघितलं. त्यांचं घर मागे राहिलं होतं आणि ते गुलाबी होतं.

साधंसुधं गुलाबी नव्हे हो. अंगावर पित्त उठलं की फासतात त्या औषधाचं गुलाबी. बाळाची झबली असतात तसलं. दोन उंच करड्या टॉवरांच्या मध्ये ते घर असं बसलं होतं की बघणाऱ्याला त्याला उचलून घ्यावंसं वाटावं.

"आई," स्पृहा म्हणाली, "आपण अर्दी म्हणालो होतो ना?"

परांचीवरून शिवानं हाक दिली, "वयनी, कसो दिसता? दोन हात मारलंय, चारी बाजूनी!" आणि दारापुढच्या ओट्यावर, आरामखुर्चीत, पायांवर बिस्किटी शाल घेऊन तात्या बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद लतिकाबाईंनी नातीच्या जन्माच्या वेळीही पाहिला नव्हता.

"या," तात्या म्हणाले. "तुझ्या माती रंगाच्या घरात ये."

पुढचे दिवस फार वाईट गेले. गल्लीची जीभ सैल सुटली. कुणी घराला सोलकढी म्हणे, कुणी दूध जास्त झालेला गाजरहलवा. कुरिअरवाल्याला पत्ता सांगताना समोरचे लोक खुशाल सांगायला लागले, "ते औषध लावलेलं घर आहे ना, त्याच्या समोर." लतिकाबाईंनी तेही गिळलं. पण एका दुपारी पलीकडच्या बिल्डिंगमधली ऋता आली. काखेत पिशवी, पिशवीतून इरकलीचा पदर डोकावत होता. ती फाटकापाशी थबकली, तिनं घराकडे वर बघितलं, मग पिशवीचं तोंड हातानं मिटलं.

"काही नाही लतिकाकाकू, सहजच आले होते," ती म्हणाली आणि चहासुद्धा न घेता गेली.

हे मात्र लागलं. लतिकाबाई आत गेल्या आणि ओट्याशी उभं राहून मनसोक्त रडल्या. आपल्या हाताला जगात एवढी एक गोष्ट येत होती, आणि जन्मात एकदा संधी मिळाली तेव्हा तीच हुकली. असं कसं झालं? उजेडात तर बघितलं होतं. हितेंद्रनं तोच पीस दिला होता. डोळे पुसत त्या तोंड धुवायला मोरीत गेल्या आणि बादली ओढली. बादलीच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेवर, एक कडं उमटलं होतं. शांत, मातीचं, मुरलेलं. अगदी विटेच्या रंगाचं.

बाई बादलीसमोर मटकन खाली बसल्या. घराचा रंग बरोबरच निवडला होता. तो मिठाच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून गेला होता, आणि उरलं ते भिंतीला लावलं होतं.

माधवराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बादली बघितली आणि त्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला. "मी काय म्हणतो," ते घाबरत म्हणाले, "धुतला तर मीच."

"तुम्ही मी सांगितलं तसं केलंत," लतिकाबाई म्हणाल्या. "तुमची काही चूक नाही. माझीच आहे." आणि मग, का कोण जाणे, त्यांना हसू आलं. भिजत घातलं, अहो, भिंतीचा रंग भिजत घातला! त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. माधवरावही हसले, पण बेतानं, कारण नक्की कशाला हसायचं ते त्यांना कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी शिवा परत हजर झाला. फाटकात डबे उतरले. झाकणं उघडली तेव्हा आत काय होतं ते सांगायला हवं का? शिवा काठीनं बिस्किटी ढवळत होता आणि तात्या ओट्यावरून सूचना देत होते. "दर्शनी बाजूनं सुरू कर. ती आधी झाक."

लतिकाबाई बाहेर आल्या आणि शिडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"शिवा, थांब."

"लतिका," तात्या म्हणाले, "आपलं ठरलं होतं. चुकलीस तर बिस्किटी."

"हो, तात्या. ठरलं होतं. आणि मी चुकले, मला मान्य आहे. रंग वाईट आहे. मलाही आवडत नाही. काल रात्री खिडकीतून हात बाहेर काढला तर माझाच हात मला आजारी दिसला."

"मग?"

"मग काही नाही. बिस्किटी लावायचं नाही."

तात्यांनी कान पुढे केला. आपल्याला ऐकू कमी आलं असावं असं त्यांना वाटलं. शिवानं ढवळणं थांबवलं. स्पृहा ब्रश तोंडात तसाच ठेवून खिडकीत आली.

"अगं, लोक हसतात आपल्याला!" तात्या म्हणाले.

"आपल्याला नाही, मला हसतात. हसू देत. तात्या, इतकी वर्षं ह्या घराला बिस्किटी होता, एका तरी माणसानं मान वर करून बघितलं? मला ह्या घरात येऊन एवढी वर्षं झाली. शालू तुम्ही आणलात, पडदे तुम्ही आणलेत, माझ्या उशीची खोळ तुम्ही आणलीत. मी काही बोलले नाही, आणि ते माझंच चुकलं. आता ह्या घरात एक गोष्ट माझी आहे. ती वाकडीतिकडी आहे, गुलाबी आहे, पण माझ्या हातून झालीय. मला ती चांगल्या रंगानं झाकायची नाही आणि बिस्किटी रंगानं तर नाहीच नाही." बाई शिडीसमोरून हलल्या नाहीत. "पुढच्या खेपेला मी परत निवडेन. तेव्हा बहुतेक बरोबर येईल. नाही आला तर तेव्हाचं तेव्हा बघू."

"पुढच्या खेपेला?" तात्यांचा आवाज चढला. "एकच संधी म्हणालो होतो मी!"

"ते तुम्ही म्हणाला होतात," लतिकाबाई म्हणाल्या.

माधवराव पुढे झाले. घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो," आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाक्य पुरं केलं. "राहू दे गुलाबी."

तात्यांनी आधी मुलाकडे बघितलं, मग सुनेकडे, मग भिंतीकडे. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. हेडक्लार्क माणूस, फाइल परत पाठवायची सवय. आज फाइलच पुढे सरकत नव्हती. शेवटी त्यांनी शिवाला खूण केली. "ते डबे माझ्या खोलीत ने. माझी खोली तरी धड राहू दे," ते पुटपुटले आणि पेपर उघडून त्याच्या मागे गेले.

तेवढ्यात पार्कात चालून परतणारे एक गृहस्थ फाटकापाशी थांबले. गल्लीत नवे असावेत. कमरेवर हात ठेवून त्यांनी घर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, परत खालपासून वर न्याहाळलं, आणि न राहवून ओट्याकडे बघून विचारलं, "अहो आजोबा, हा रंग कुणी हो निवडला?"

तात्यांनी पेपर खाली घेतला, तोंड उघडलं आणि सुनेकडे बघून परत मिटलं.

"मी," लतिकाबाई म्हणाल्या.

गृहस्थ जरा ओशाळले. "नाही, म्हणजे, फारच गुलाबी आहे."

"हो," लतिकाबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "फारच."